वही, कॅमेरा आणि साक्ष

दिवाळीत मालवण, कुडाळ, कणकवलीच्या बाजारपेठांतील अनेक पेढ्यांवर आजही लाल कापडी बांधणीची वही पुजली जाते. हिशेब संगणकावर गेला, कर ऑनलाइन भरला जाऊ लागला, तरी पहिल्या पानावर स्वस्तिक रेखून शुभ-लाभ लिहिल्याखेरीज नवे वर्ष सुरू झाल्यासारखे वाटत नाही. त्याच पेढीच्या छताला, गल्ल्याच्या नेमके वर, एक छोटा कॅमेराही आता असतो. वही आणि कॅमेरा, दोघेही दुकानात घडणाऱ्या गोष्टींची नोंद ठेवतात. वहीला पूजेचा मान आहे, कॅमेऱ्याकडे मात्र चोरी होईपर्यंत कोणी ढुंकूनही पाहत नाही. उद्या दोघांना न्यायालयात साक्षीला उभे केले तर कोणाचे किती ऐकले जाईल, हा प्रश्न व्यापारी कुटुंबांच्या रोजच्या जगण्याशी जोडलेला आहे.

वहीचे उत्तर कायद्याने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. १८७२च्या भारतीय पुरावा अधिनियमातील कलम ३४ असे सांगत असे, की नित्य व्यवहाराच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या हिशेबाच्या वहीतील नोंदी पुराव्यात येऊ शकतात. परंतु केवळ त्या नोंदींच्या बळावर कोणावरही दायित्व लादता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हीच तरतूद कलम २८ म्हणून आली आहे आणि संगणकीय वहीलाही ती लागू आहे. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका गाजलेल्या प्रकरणात काही डायऱ्या आणि सुटे कागद आले होते. न्यायालयाने सुट्या कागदांना ‘वही’ मानण्यास नकार दिला आणि बांधीव वह्यांतील नोंदींनाही स्वतंत्र पुराव्याचा आधार हवा, असे स्पष्ट केले. बांधीव वहीतून एखादे पान नाहीसे झाले तर ते कळते, सुटा कागद मात्र कधीही काढता वा घालता येतो, हे दिवाणजींना कोणी शिकवावे लागत नाही.

मालवणच्या किनाऱ्यावर हाच प्रश्न काही वर्षांपासून समुद्रात उभा आहे. अंधाऱ्या रात्री दांडी किंवा देवबागच्या किनाऱ्यावरून पाहिले, की क्षितिजावर कधी कधी शहर वसल्यासारखा झगमगाट दिसतो. तो एलईडी दिव्यांच्या नौकांचा असतो. प्रखर प्रकाशाने मासळीचे थवे एकत्र ओढायचे आणि मोठ्या जाळ्याने सगळेच्या सगळे उचलायचे, अशी ही पद्धत आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली. पर्ससीन जाळ्यांवर राज्याने २०१६ मध्येच निर्बंध आणले होते. तरीही रापण ओढणारे आणि लहान होड्यांवर जगणारे मच्छीमार वर्षानुवर्षे तक्रार करीत राहिले. कधी परप्रांतातील हायस्पीड ट्रॉलरविरुद्ध, कधी आपल्याच किनाऱ्यावरील बड्या नौकांविरुद्ध समुद्रात संघर्षही झाले.

या वादाशी व्यापाऱ्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. ज्याचा मासळीच्या व्यवहाराशी दुरान्वयानेही संबंध नाही, त्या किराणा किंवा कापड दुकानदाराच्या उधारीच्या पानांवरही या झगमगाटाची सावली पडते. होडीवाल्याचा हंगाम बुडाला, की गणपतीची खरेदी उधारीवर जाते आणि शाळा सुरू होताना ती उधारी पुढच्या वहीत ओढली जाते. समुद्रातला गुन्हा बाजारपेठेत असा हप्त्याहप्त्याने पोहोचतो.

गुन्हा उघड होता, परंतु सिद्ध होत नव्हता. गस्तीची नौका निघाली आहे, ही वार्ता तिच्या आधी पोहोचे. दिवे मालवले, जाळे आत घेतले, की मागे केवळ काळोख उरे. शिवाय राज्याचा सागरी मासेमारी कायदा किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतच चालतो. नौका त्या रेषेच्या आत होती की बाहेर, हे होडीतून पाहणारा शपथेवर कसे सांगणार? २०२१ मध्ये महाराष्ट्राने १९८१च्या या कायद्यात दुरुस्ती करून दंड पुष्कळ वाढविले. एलईडी मासेमारीसाठी तो पाच लाखांपासून वीस लाख रुपयांपर्यंत ठेवला गेला, आणि प्रकरणे चालविण्याचे अधिकार महसूल खात्याकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आले. दंड जितका मोठा, तितका वकील मोठा आणि पुराव्याची कसोटीही कठोर. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने किनाऱ्यावर ड्रोनद्वारे देखरेख सुरू केली. त्यासाठी निवडलेल्या नऊ ठिकाणांत सिंधुदुर्गातील देवगडही आहे.

ड्रोनचे मोल केवळ उंचीवरून पाहण्यात नाही. त्याच्या चित्रणाबरोबर वेळ आणि अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. नौकेचा क्रमांक, तिची जागा, घटनेची वेळ आणि चालू असलेले दिवे, या चार गोष्टी एका चौकटीत आल्या, तर ‘आमची नौका तेथे नव्हतीच’ हा बचाव टिकणे कठीण. परंतु हे चित्रण सुट्या कागदाच्या पायरीवर बसेल की बांधीव वहीच्या, हे ते टिपले गेल्यानंतर कोणी, कोठे, कसे जपले यावर ठरते. आकाशातल्या यंत्रावर खर्च होतो. पण जमिनीवर त्याची नोंदवही ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या प्रशिक्षणावर किती होतो, हे कोणी विचारीत नाही.

या नोंदवहीचे महत्त्व देशाला शिकविणारा खटला महाराष्ट्रातलाच आहे. ऑक्टोबर २०१४च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप असा, की २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीनची मुदत टळल्यानंतर खोतकरांचे उमेदवारी अर्ज स्वीकारले गेले. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनात आणि बाहेर व्हिडिओ कॅमेरे होते, त्यामुळे सारे चित्रित झालेले होते. अडचण वेगळीच निघाली. पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब प्रमाणे अशा चित्रणाच्या प्रतीसोबत, ती कोणत्या यंत्रातून, कशी निघाली, हे सांगणारे सहीचे प्रमाणपत्र लागते. वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरविली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला. मूळ यंत्रच न्यायालयात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर गोष्ट निराळी. एरवी प्रतीसाठी प्रमाणपत्र अनिवार्य. ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तो प्रमाणपत्र नाकारीत असेल, तर न्यायालयाकडून आदेश मिळवावा. या खटल्यात तक्रारदारांनी आपल्या हाती होते ते सर्व केले होते आणि इतर पुरावाही होता, म्हणून उच्च न्यायालयाचा निकाल कायम राहिला. तोवर ती विधानसभा विसर्जित होऊन पुढची निवडणूकही होऊन गेली होती. दालनात कॅमेरे असूनही तासाभराच्या प्रश्नाला सहा वर्षे लागली.

नव्या साक्ष्य अधिनियमात हे प्रमाणपत्र कलम ६३ खाली आले असून त्याचे दोन भाग झाले आहेत. पहिला भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत ‘हॅश’ मूल्य नोंदवायचे असते. हॅश म्हणजे एखाद्या संगणकीय फायलीवर गणिती क्रिया करून मिळणारी अक्षरे-अंकांची ओळ. फाइल कितीही मोठी असो, तिच्यातील एक बिंदू जरी बदलला तरी ही ओळ पार बदलून जाते. पूर्वी सराफ थैलीच्या गाठीवर लाख ओतून मोहोर उठवीत, तसाच हा प्रकार आहे. मोहोर आतल्या मोहरा मोजत नाही, थैली मध्ये कोणी उघडली नाही एवढेच सांगते.

व्यापार आणि गुन्हेशोधाचे विज्ञान यांचे नाते तसे जुने आहे. बोटांच्या ठशांची कथा बहुतेकांना चोर-दरोडेखोरांपासून सुरू झाली असे वाटते. प्रत्यक्षात ती एका मालपुरवठ्याच्या करारापासून सुरू झाली. जुलै १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने रस्त्यासाठी खडी पुरविणाऱ्या राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारपत्राच्या पाठीवर उमटवून घेतला. हेतू एवढाच, की उद्या त्याने ‘ही सही माझी नव्हे’ म्हणू नये. पुढे ठसे आयुष्यभर बदलत नाहीत, हे हर्शेलच्या ध्यानात आले. कोलकात्यात १८९७ मध्ये ठशांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. लाखो ठशांतून हवा तो शोधून काढण्याचे वर्गीकरण अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांनी बसविले, आणि जगात ते नाव पावले त्यांच्या साहेबाचे, एडवर्ड हेन्रीचे.

त्याच सुमारास जलपायगुडीच्या एका चहामळ्यातील व्यवस्थापकाचा खून झाला आणि तिजोरीतील पैसे गेले. पेटीत सापडलेल्या बंगाली पंचांगावर रक्ताळलेला अंगठा उमटला होता. तो पूर्वी शिक्षा झालेल्या एका नोकराच्या ठशाशी जुळला. निकाल मोठा विचारपूर्वक लागला. चोरी सिद्ध मानली गेली, परंतु खुनाच्या आरोपातून तो सुटला. कारण त्या पेटीला त्याचा हात लागला, एवढेच अंगठा सांगत होता. घाव कोणी घातला, हे तो सांगत नव्हता.

हा विवेक मालवणलाही अलीकडे उपयोगी पडला. राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, तेव्हा जनमानसात संताप उसळणे स्वाभाविक होते. उद्घाटनाला नऊ महिनेही झाले नव्हते. गुन्हा दाखल झाला, अटका झाल्या, तांत्रिक समितीने गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंगकडे बोट दाखविले. नोव्हेंबर २०२४ मध्ये संरचना सल्लागाराला जामीन देताना मुंबई उच्च न्यायालयाने एक साधी गोष्ट पाहिली. त्याचा अहवाल चौथऱ्यापुरता होता, आणि चौथरा शाबूत होता. अंतिम दोष कोणाचा, हे खटल्यात ठरायचे ते ठरेल. तोवर कोणी कोणत्या भागावर सही केली, हे कागदावर स्पष्ट होते, म्हणून संतापाच्या लाटेतही न्यायालयाला फरक करता आला.

आता बाजारपेठेत परत यावे. पर्युषणात किंवा यात्रेला कुटुंब बाहेरगावी गेलेले असते. परतल्यावर दुकानाचे कुलूप तुटलेले दिसते. अशा वेळी पहिल्या अर्ध्या तासात जे घडते त्यावर खटल्याचे भवितव्य बहुधा ठरून जाते. शेजारी गोळा होतात, प्रत्येक जण आत डोकावतो, कोणी गल्ला उघडून पाहतो, कोणी सांडलेला माल भरून ठेवतो, आणि पोलीस येईपर्यंत घरातील ज्येष्ठांनी केरसुणी मागविलेली असते. हे सारे आपुलकीपोटी होते, परंतु चोराचे ठसे पुसण्याचे काम चोराने केले नसते इतके चोख होते. रात्री घरफोडी करून केलेल्या चोरीला भारतीय न्याय संहितेत चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने घटनास्थळी येऊन पुरावा गोळा करावा आणि त्याचे चित्रीकरण व्हावे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७६ सांगते. ही व्यवस्था उभी करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. तज्ज्ञ येईल तेव्हा त्याला उचलण्यासारखे काही शिल्लक असावे, एवढी काळजी दुकानदाराच्या हाती आहे. शटर होते तसे ठेवावे, उंबरठ्याबाहेर थांबावे आणि ११२ क्रमांकावर कळवावे.

कॅमेऱ्याविषयी तर पुष्कळच सांगण्यासारखे आहे. दुकानांतील बहुतेक यंत्रे तबकडी भरली, की जुन्या चित्रणावर नवे लिहितात. काही यंत्रांत ही मुदत पंधरा दिवसांची असते, काहींत महिनाभराची. चोरी दोन आठवड्यांनी लक्षात आली, तर चित्रण गेलेले असते. दुसरा दोष घड्याळाचा. वीज वारंवार जाते, यंत्राची बॅटरी निकामी होते आणि चित्रणावर भलतीच तारीख उमटत राहते. बचाव पक्षाच्या वकिलाला याहून अधिक काय हवे? दर महिन्याला रोकड मेळ घालताना यंत्राचे घड्याळ मोबाइलच्या घड्याळाशी ताडून, फरक असल्यास दुरुस्त करून, तारखेसह वहीत लिहून ठेवले, तर तीन ओळींच्या या नोंदीचा आधार तीन वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात मिळतो. यंत्राचा अनुक्रमांक, ते कोणी बसविले आणि चित्रण कोणी, कधी, कशावर काढून दिले, याची नोंदही तेथेच असावी. कारण प्रमाणपत्राचा पहिला भाग पोलिसांना भरता येत नाही. यंत्र दुकानदाराच्या ताब्यात, म्हणून सहीही त्याची.

बाजारपेठेतील लोक पंच व्हायला कचरतात, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्यांची भीती खोटी नव्हती. पाच-सात वर्षांनी ओरोसच्या न्यायालयात उभे राहून कोणती पिशवी कोणत्या खोलीत सापडली हे आठवायचे, आणि चुकले तर फितूर म्हणवून घ्यायचे. नव्या संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे दृक्श्राव्य चित्रीकरण करून ते दंडाधिकाऱ्याकडे पाठविणे बंधनकारक झाले आहे. त्यासाठी ‘ई-साक्ष्य’ हे ॲप आहे. पंचाच्या स्मरणशक्तीवरचा भार त्याने हलका होतो आणि पोलिसांच्या मनमानीवरही डोळा राहतो. हा दुसरा उपयोग पहिल्याइतकाच मोलाचा मानावा लागेल. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीसह, ध्वनिमुद्रण करणारे कॅमेरे बसविण्याचा आणि चित्रण शक्यतो अठरा महिने जपण्याचा आदेश दिला, तो याच विचाराने. जो कॅमेरा चोराकडे पाहतो त्याने ठाण्याकडेही पाहिले पाहिजे.

सिंधुदुर्गात आता यापुढचे पाऊल पडले आहे. पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने विकसित करणारी ‘मार्वल’ ही यंत्रणा राज्याने २०२४ मध्ये नागपुरात उभी केली. तिच्या साहाय्याने जिल्हा प्रशासनाच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्याचा प्रयोग २०२५ मध्ये ज्या जिल्ह्याने हाती घेतला तो सिंधुदुर्ग. डिसेंबर २०२५ मध्ये, नागपुरातील २३ ठाण्यांत वापरलेली ‘महाक्राइमओएस’ ही प्रणाली राज्यातील अकराशे पोलीस ठाण्यांत नेण्याची घोषणा झाली. ऑनलाइन फसवणुकीत पैसा चार राज्यांतील दहा खात्यांतून तासाभरात फिरतो. तो माग माणसाने कागदावर काढायचा म्हटले तर महिने जातात. तेथे ही साधने खरोखर उपकारक ठरतील. १९३० या क्रमांकावर तातडीने केलेली तक्रार आणि खात्यांचा झपाट्याने लागलेला माग, यांच्यावरच गेलेली रक्कम गोठविणे अवलंबून असते.

मात्र यंत्राने एखाद्या नावावर बोट ठेवले, की त्या नावाचे काय होते, हे पाहणे उरते. मालवणात पर्यटनाच्या हंगामात हजारो अनोळखी चेहरे येतात. त्यांतील एखादा चेहरा यंत्राला जुन्या गुन्हेगारासारखा वाटला, तर तो चौकशीचा आरंभ ठरू शकतो, पुरावा ठरू शकत नाही. पंचांगावरचा अंगठा निदान डोळ्यांनी ताडून पाहता येत होता. शिकविलेल्या यंत्राने कोणत्या कारणाने कोणाकडे बोट दाखविले, हे ते बनविणाऱ्यालाही नेहमी सांगता येत नाही. अशा निष्कर्षाखाली प्रमाणपत्रावर सही कोणी करायची आणि उलटतपासणीत उत्तरे कोणी द्यायची, याचा विचार आत्ताच व्हावयास हवा.

देवगडच्या ड्रोनची झेप सर्वत्र पुरणार नाही. सिंधुदुर्गाचा किनारा सुमारे १२१ किलोमीटरचा, आणि वारा पडेल तेव्हाच उडणारे यंत्र पावसाळी हवेत जमिनीवरच बसते. त्यामुळे समुद्रातला पहिला साक्षीदार अजूनही होडीतला मच्छीमारच आहे, आणि त्याच्या हाती आता मोबाइल असतो. तो चित्रण करतो आणि लगेच व्हॉट्सॲपवर गावभर पाठवितो. पाठविताना ती फाइल दाबून लहान केली जाते, मूळ तारीख आणि जागेचे तपशील गळून पडतात, आणि आठवड्याभराने मोबाइल भरला म्हणून मूळ चित्रण पुसले जाते. जे गावाने पाहिलेले असते, ते न्यायासनासमोर येत नाही. मूळ फाइल त्याच मोबाइलमध्ये राहू द्यावी, फोनमधील स्थान-नोंद चालू ठेवावी, आणि प्रत हवी असल्यास ती दाबून लहान न करता तारखेसह पेन ड्राइव्हवर काढून घ्यावी, एवढे त्याला सांगणारा कोणी तरी हवा. होडीवाले महिन्याच्या अखेरीस उधारीचा हिशेब करायला ज्या दुकानाच्या पायरीवर बसतात, तेथे हे सांगायला पाच मिनिटे पुरतात.